कुत्रा नसलेली तबकडी

खारेपाटणचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत शिरलं ते तांब्याच्या तीन पत्र्यांच्या जोरावर. शके 930, म्हणजे इसवी सन 1008 मधला हा रट्टराज शिलाहाराचा ताम्रपट. त्यात दानाचा तपशील आहेच, पण सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा पिढ्यांची नावंही ओळीनं कोरलेली आहेत. दक्षिण कोकणातल्या शिलाहारांची वंशावळ आपल्याला कळली ती मुख्यतः या पत्र्यांमुळे. ते वाचून प्रसिद्ध करणारे पहिले विद्वान बाळशास्त्री जांभेकर. त्यांचं पोंभुर्लेही इथून फार लांब नाही, शेजारच्या देवगड तालुक्यात आहे. विजयदुर्गच्या खाडीतून पंचवीसेक मैल आत असलेलं खारेपाटण एकेकाळचं मोठं बंदर. पुढे खाडी गाळानं भरत गेली, गलबतं यायची थांबली आणि माल हमरस्त्यानं येऊ लागला. पत्र्यांवरची नावं मात्र हजार वर्षं जशीच्या तशी राहिली.

ग्रामोफोनच्या प्रकरणात ताम्रपट कुठून आला, असं वाचणाऱ्याला वाटेल. तर ग्रामोफोनची तबकडीसुद्धा तांब्याच्याच पत्र्यावरून उतरते. फरक एवढाच, की रट्टराजाचं नाव तांब्यात कोरलेलं होतं. तबकडीत आवाज तेवढा धातूवरून येतो, गाणाऱ्याचं नाव मधल्या गोल कागदावर छापलेलं असतं. या एका फरकापायी मुंबईतल्या एका कंपनीची वीस वर्षांची मिळकत कशी बेवारशी झाली, त्याची ही हकिकत.

जुनी माणसं तबकडीला प्लेट म्हणत आणि ग्रामोफोनला फोनो. चावी दिली की स्प्रिंगवर चालणारं यंत्र ते. त्याला वीज लागत नसे, म्हणून वीज नसलेल्या गावांतही ते वाजलं. कोकणात गणपतीच्या आधी घरं झाडताना आजही कुठे कुठे माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली येते. "माळ्यार जुन्यो प्लेटी आसत, त्यांका आता कोण इचारता?" असं म्हणत ती परत वर जाते, नाहीतर भंगारवाल्याकडे. पेटीतल्या बहुतेक तबकड्यांवर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा असतो. फ्रान्सिस बॅरो नावाच्या इंग्रज चित्रकारानं काढलेल्या चित्रातला हा कुत्रा हिज मास्टर्स व्हॉइसच्या, म्हणजे एचएमव्हीच्या, लेबलावर आला. आपल्याकडे त्या मालाला सरळ 'कुत्रा छाप' म्हणत. पण एखाद्या तबकडीवर कुत्रा नसतो. तिथे 'यंग इंडिया' असं लिहिलेलं असतं.

हे नाव वाचल्यावर गांधीजींचं साप्ताहिक आठवणं साहजिक आहे. 1919 पासून पुढे बारा-तेरा वर्षं ते गांधीजींच्या हातात होतं. तबकड्यांची 'यंग इंडिया' मात्र एका व्यापारी कंपनीची छाप होती. कंपनीचं नाव चांगलंच लांबलचक: नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी लिमिटेड, मुंबई. काळ 1935 ते 1955. कारखाना वडाळ्याला. या नावातला 'मॅन्युफॅक्चरिंग' हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो का ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

भारतातलं व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं 1902 च्या नोव्हेंबरात, कलकत्त्याला. पुढे 'कुत्रा छाप' काढणाऱ्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग लंडनहून यंत्रं घेऊन आला आणि गौहर जान वगैरेंची गाणी मेणाच्या तबकड्यांवर भरून घेऊन गेला. त्या तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत, हॅनोवरला. गाणं कलकत्त्याचं, छपाई जर्मनीची आणि विक्री पुन्हा कलकत्त्यात! त्या वेळी गाणं संपता संपता गायिका स्वतःचं नाव ओरडून सांगत, त्याचं कारणही हेच. हॅनोवरच्या कारागिरांना आवाज कुणाचा ते कळावं, म्हणजे लेबलाची अदलाबदल होणार नाही. 1908 मध्ये कंपनीनं कलकत्त्यातच सियालदहला छपाई सुरू केली आणि 1928 मध्ये दमदमला मोठा कारखाना उभा केला. त्यानंतर नाव ओरडायची गरज उरली नाही आणि ती रीत बंद पडली. गाणाऱ्याचं नाव आता फक्त कागदावर राहिलं.

स्वदेशी प्रयत्न लगेच सुरू झाले होते. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस हे कुंतलीन नावाचं केसांचं तेल विकणारे गृहस्थ. त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात स्वतःची ध्वनिमुद्रणं बाजारात आणली. रवींद्रनाथांचा आवाज त्यांनी सिलिंडरवर घेतला. पण तबकड्या छापायला त्यांना फ्रान्सच्या पाथे कंपनीकडेच जावं लागलं. मुंबईतही 1907 च्या आसपास रामाग्राफ नावाची छाप निघाली आणि थोड्याच वर्षांत मिटली. 1932 मध्ये कलकत्त्याला मेगाफोन आणि हिंदुस्थान या दोन बंगाली मालकीच्या छापा निघाल्या, त्या मात्र टिकल्या. मेगाफोननं अख्तरीबाई फैजाबादींना, म्हणजे पुढच्या बेगम अख्तरांना, घरोघर नेलं. हिंदुस्थानसाठी खुद्द रवींद्रनाथ गायले. गायक निवडायचा कुणी, गाणं कुठलं घ्यायचं, हे सगळं त्यांच्या हातात होतं. छपाई मात्र दमदमला, म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याच्याच कारखान्यात. आपलं वर्तमानपत्र प्रतिस्पर्ध्याच्या छापखान्यात छापून घ्यावं तशातला हा प्रकार.

1931 मध्ये तर विलायतेत ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया एक झाल्या आणि ईएमआय जन्माला आली. आता दोन मोठ्या छापांच्या मागे एकच मालक उभा राहिला. मुंबईच्या कुणी चार वर्षांनी वडाळ्याला स्वतःचा छपाईचा कारखाना काढावा, हे धाडस मला या पार्श्वभूमीवर मोठं वाटतं. तबकडीच्या धंद्यात स्वतंत्र कोण हे ठरवायची माझी कसोटी साधी आहे: दाबयंत्र कुणाचं? त्या कसोटीला यंग इंडिया उतरते. कलकत्त्याच्या नामांकित छापा उतरत नाहीत.

दाबयंत्रापर्यंत पोचायला किती खटाटोप असे, ते पाहण्यासारखं आहे. गायक मायक्रोफोनसमोर गाई. त्याच्या आवाजाबरोबर थरथरणारी सुई फिरत्या मेणाच्या जाड चकतीवर खोबण कोरत जाई. हे मेण इतकं मऊ, की ते वाजवून पाहिलं तर खोबण बिघडे. गायकाला आपण कसे गायलो ते ऐकायची सोय नसे. मग मेणावर वीज वाहून नेणारी बारीक पूड चोळायची, ती चकती रसायनाच्या टाकीत सोडायची आणि विजेच्या प्रवाहानं तिच्यावर तांब्याचा थर चढवायचा. थर सोलून काढला की मिळे तांब्याचा उलटा ठसा. त्यावर खोबणीच्या जागी उंचवटे असत. या ठशाला कारागीर 'बाप' म्हणत. बापावरून पुन्हा थर चढवून 'आई' काढायची. ती सुलटी. आईवरून शेवटी छापायचे साचे. ते झिजले की आईवरून नवे काढता येत, त्यामुळे बाप जपून ठेवता येई. खारेपाटणचे पत्रे आणि हा बाप यांचं नातं इतकं जवळचं आहे.

आता छापायचं कशावर? लाखेवर. छोटा नागपूरच्या जंगलात पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे राळ सोडतात. ती खरवडून, धुऊन, वितळवून लाख तयार होते. तिच्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडा कापसाचा भुगा मिसळून लगदा कणीक तिंबल्यासारखा मळायचा. त्याच्या गरम वड्या दोन साच्यांमध्ये ठेवायच्या, वरखाली एकेक कागदी लेबल सरकवायचं आणि यंत्र दाबायचं. आधी वाफेनं तापवायचं, लगेच पाण्यानं थंड करायचं. लेबलाला गोंद लागत नसे, ते तबकडीबरोबरच दाबलं जाई. दहा इंची तबकडी बाहेर पडे ती दोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाची, काळी, चकचकीत आणि हातातून पडली तर कौलासारखी फुटणारी. मिनिटाला 78 फेरे आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं.

या तीन मिनिटांत यंग इंडियानं गाऊन घेतलं कुणाकडून? मोठी नावं बहुतेक करारानं बांधलेली. वडाळ्याची कंपनी वळली ती हौशी, होतकरू, अजून नाव न झालेल्या गायक-वादकांकडे. चित्रपटगीतं, भावगीतं, शास्त्रीय, लोकसंगीत आणि शिकवण्यासाठीच्या ध्वनिमुद्रिकासुद्धा त्यांच्या यादीत आल्या. दुसऱ्यानं न घेतलेला माल घ्यायचा, ही धंद्याची गरज होती, यात शंका नाही. तिला मी उगाच कलासेवेचा मुलामा देणार नाही. पण परिणाम पाहा. तो काळ मराठी संगीत नाटक ओसरण्याचा आणि बोलपट चढण्याचा. 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' आला. ज्या गळ्यांना कंपनी नाटकांनी आधार दिला असता, ते आता रेडिओच्या आणि तबकडीच्या दारात उभे होते. दमदमच्या दारात वशिला किंवा नाव लागे. वडाळ्याचं दार त्या मानानं उघडं होतं.

वीस वर्षांत या कंपनीनं दहा हजारांहून अधिक शीर्षकं काढली. वर्षाला पाचशे, आठवड्याला नऊ-दहा. एकेक तीन मिनिटांचं धरलं तरी ते सलग पाचशे तास होतात. रात्रंदिवस ऐकत बसलं तर तीन आठवडे लागतील. यातलं सगळंच चांगलं असणं शक्य नाही. हौशी गाण्यात हौस जास्त आणि गाणं कमी असा मासला पुष्कळ निघणार. पण एखाद्या काळात लोक कसे गात होते ते जाणून घ्यायचं असेल, तर फक्त उस्तादांच्या तबकड्या ऐकून भागत नाही. गावच्या भजनात बाजूला बसून झील धरणारा कसा गात होता, तेही कळावं लागतं. उस्तादांचं गाणं पुन्हा पुन्हा निघत राहिलं. झीलकऱ्यांचं असं एकदाच, वडाळ्याला, तीन मिनिटांपुरतं निघालं.

मग दुसरं महायुद्ध आलं. लाख फक्त तबकड्यांना लागत नसे, युद्धसामग्रीलाही लागे. अमेरिकेनं 1942 मध्ये तबकड्यांसाठी लाख वापरण्यात 70 टक्के कपात केली. तिकडे जुन्या तबकड्या गोळा करून, दळून पुन्हा लगद्यात मिसळायची वेळ आली. लाख जिथे पिकते त्या देशातला कारखाना या चणचणीतून पार पडला आणि स्वातंत्र्यही पाहून पुढे चालला. तोवर जग बदलत होतं. 1948 मध्ये अमेरिकेत मिनिटाला 33 फेऱ्यांची, एका बाजूला वीसेक मिनिटं वाजणारी प्लॅस्टिकची तबकडी, म्हणजे एलपी, निघाली. आपल्याकडे ती यायला अजून दहा वर्षं होती आणि 78 फेऱ्यांच्या तबकड्या तर सत्तरच्या दशकाच्या तोंडापर्यंत निघत राहिल्या. यंग इंडियानं 1955 मध्येच काम थांबवलं.

एखादी छाप बंद पडली म्हणून तिचं संगीत मरत नाही. कुणीतरी तिचा साठा विकत घेतो, नव्या रूपात काढतो. एचएमव्हीची जुनी गाणी एलपीवर आली, मग कॅसेटवर, मग सीडीवर. आज ती फोनवर आहेत. यंग इंडियाचं यातलं काहीच झालं नाही. तिच्या तबकड्या पुन्हा कधीच निघाल्या नाहीत. ज्या विकल्या गेल्या होत्या तेवढ्याच उरल्या: कुणाच्या कपाटात, कुणाच्या माळ्यावर, चोरबाजारात जुन्या घड्याळांच्या शेजारी. गाणाऱ्यांना नाव नव्हतं, म्हणून त्यांना वारस मिळाला नाही. दाबयंत्र स्वतःचं असल्यानं कंपनी स्वतंत्र राहिली, पण त्याच कारणानं ती एकटीही पडली. मेगाफोन आणि हिंदुस्थानच्या साच्यांना निदान दमदमचं छप्पर होतं.

या तबकड्या आज थोड्याफार ऐकता येतात याचं श्रेय संग्राहकांना आहे. 1990 मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मंडळी एकत्र आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ डॉ. सुरेश चांदवणकर हे तिच्या कामाचा आधारस्तंभ. ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दप्तरांसाठीचा एक उपक्रम आहे. त्याच्या मदतीनं चांदवणकरांनी यंग इंडियाच्या तबकड्या खासगी संग्रहांतून शोधून त्यांच्या डिजिटल प्रती करवून घेतल्या. नुसता आवाज उतरवून ते थांबले नाहीत. लेबलं, कागदी पाकिटं, कंपनीच्या याद्या, जाहिराती यांचीही छायाचित्रं घेतली. कागदाची किंमत या माणसांना बरोबर कळलेली होती.

कारण कागद गेला की काय होतं ते खारेपाटणला वेगळं सांगायला नको. शुक नदीचं पाणी पावसाळ्यात बाजारपेठेत शिरतं, हे इथल्या दुकानदारांचं ठरलेलं दुखणं. लाखेच्या तबकडीवर पुराचं पाणी चढलं तर ती लगेच विरघळत नाही. चिखल धुऊन सावलीत वाळवली तर बरेचदा वाजेलही. पण तिचं पाकीट गेलेलं असतं आणि लेबलाचा लगदा झालेला असतो. पुराची गरजही नाही. कोकणातली चार महिन्यांची दमट हवा, वाळवी आणि कसर मिळून तेच काम सावकाश करतात. मग हातात राहतो एक आवाज. स्वतःचं नाव न सांगणारा, कारण हॅनोवर बंद होऊन जमाना झाला.

या प्रकरणाला कॅसेटचं एक शेपूटही आहे. फिलिप्सनं 1963 मध्ये कॅसेट काढली आणि ऐंशीच्या दशकात ती आपल्याकडे स्वस्त झाली. वडाळ्याला जे करायला कारखाना लागला, ते करायला आता एक खोली आणि चार प्रती काढणारी यंत्रं पुरू लागली. गावोगावच्या लहानसहान छापा त्यातून उगवल्या. कोकणातली डबलबारी आणि दशावतार फडातून बाजारात आले ते असे. तेच लोण पुढे व्हीसीडीत गेलं, मग यूट्यूबवर. आज बुवांची बारी कणकवलीत रात्री रंगते आणि सकाळी नालासोपाऱ्यातला चाकरमानी ती लोकलमध्ये ऐकतो. दाबयंत्रच उरलेलं नाही, पण साठवणीची जागा पुन्हा परक्याच्या मालकीची. माझ्या कसोटीनं ही पुन्हा दमदमचीच व्यवस्था झाली.

एक गोष्ट मात्र यंग इंडियाच्या बाजूनं आहे. आपल्या 1957 च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं चालतो. 1955 मध्ये बंद पडलेल्या कंपनीच्या एकूण एक ध्वनिमुद्रणांची मुदत त्यामुळे केव्हाच उलटून गेली आहे. कवीचा आणि संगीतकाराचा हक्क वेगळा. तो त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं जिवंत असतो. पण ध्वनिमुद्रणापुरतं बोलायचं तर वडाळ्याचे ते पाचशे तास आता सगळ्यांचे आहेत.

तेव्हा यंदा गणपतीला घर झाडताना पेटी खाली आली, तर एवढं करा. तबकड्या एकावर एक रचू नका, ताटाळ्यातल्या ताटांसारख्या उभ्या ठेवा. स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं पुसू नका. अल्कोहोलात लाख विरघळते, फर्निचरचं पॉलिश त्याच युक्तीनं होतं. उन्हात ठेवू नका, वाकड्या होतील. जुन्या फोनोवर लोखंडी पिननं वाजवायचा मोह आवरा, कारण दर खेपेला पिन थोडा आवाज खरवडून नेते. एलपीची सुईसुद्धा चालणार नाही, ती या रुंद खोबणीसाठी फार बारीक असते. लेबल वाचता येत असेल तर आधी त्याचा स्वच्छ फोटो काढा. आणि लेबल उडालेलं असलं तरी तबकडी टाकू नका. खोबण संपते तिथून लेबलापर्यंतची गुळगुळीत पट्टी उजेडात तिरपी धरा. तिथे एक आकडा उमटलेला दिसेल. तो कागदावरचा नाही, साच्यातून उतरलेला आहे. कंपनीच्या यादीत तो सापडला तर गाणाऱ्याचं नाव परत मिळू शकतं. तो आकडा वहीत उतरवून घ्या आणि शुकचं पाणी यायच्या आत पेटी वरच्या मजल्यावर न्या.